शेजारचे सहकारी दिवसभर मोठ्याने बोलतात. भांडण न करता काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की मागच्या रांगेत चौघं बसतात, त्यातला एक फोनवर घसा ताणून बोलतो, दुसरा मधूनच स्पीकरवर व्हिडिओ लावतो, उरलेले दोघं गप्पांत, आणि तुम्ही चार महिने हेडफोन लावून, अधूनमधून मान वळवून बघत दिवस ढकलताय. एचआरकडे जावं का, असंही विचारलंय. त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: एवढ्यात नका जाऊ. मान वळवून बघणं म्हणजे सांगणं नव्हे. तुम्हाला वाटतंय चार महिने सहन केलं, पण त्या चौघांपर्यंत तुमच्याकडून अजून एक शब्दही गेलेला नाही.

मी हे अधिकारवाणीने सांगत नाहीये. मी स्वतः यात दोन मोठे गाढवपणे केले आहेत, ते आधी सांगते म्हणजे तुमचे वाचतील.

माझं काम हिशेब तपासण्याचं. आकड्यांची एक रांग डोक्यात धरायची, नजर दुसऱ्या कागदावर न्यायची आणि जुळतंय का ते बघायचं. अशात शेजारून कोणी फोनवर म्हणालं, "सत्तावीसला देतो, अठ्ठावीसला नाही जमणार," की माझ्या रांगेत सत्तावीस घुसलाच म्हणून समजा. मग परत पहिल्यापासून. दिवसातून वीस वेळा असं झालं की संध्याकाळी डोकं नुसतं भणभणायचं आणि काम मात्र अर्धंच झालेलं असायचं.

पहिला गाढवपणा म्हणजे मी सगळ्या टीमला एक मेल पाठवला. "सर्वांनी आवाजाचं भान ठेवावं ही विनंती." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. जिची शिंकसुद्धा कोणाला ऐकू जात नाही अशी आमच्यातली एक मुलगी माझ्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणाली, "सॉरी हं, माझ्यामुळे होतो का त्रास?" आणि ज्याच्यासाठी मेल लिहिला होता त्याने उत्तरात अंगठा पाठवला. वर खड्या आवाजात, "बरं झालं, कोणीतरी बोललं एकदाचं!" सामुदायिक सूचना नेहमी शेजाऱ्यासाठीच असते, स्वतःसाठी आहे असं कोणालाच वाटत नाही.

दुसरा त्याहून मोठा. मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप घेतलं, तीन दिवस नोंदी केल्या आणि मॅनेजरकडे गेले. आकडे पन्नास-पंचावन्न डेसिबलच्या आसपास. त्यांनी शांतपणे सांगितलं की कानाला इजा होण्याची जी मर्यादा सांगतात ती आठ तासांसाठी ८५ डेसिबल आहे, आपण तिच्या जवळपासही नाही. बरोबरच होतं त्यांचं. माझं मोजमापच चुकलं होतं.

आवाज किती मोठा आहे यावर त्रास ठरत नाही, ही गोष्ट मला त्यानंतर वाचताना कळली. १९७६ साली कॉले आणि वेल्श या दोन संशोधकांनी लोकांना अक्षरांच्या रांगा पाठ करायला दिल्या आणि मागे त्यांना न समजणाऱ्या भाषेतलं वाचन लावून ठेवलं. कोणी ते ऐकत नव्हतं, ऐकायचंही नव्हतं, तरी चुका वाढल्या. पुढच्या प्रयोगांत दिसलं की तोच आवाज बारीक केला तरी फारसा फरक पडत नाही. एसीची घरघर तासन्‌तास चालते आणि आपण ती विसरून जातो, कारण ती बदलत नाही. बोलणं क्षणाक्षणाला बदलतं आणि मेंदूला ते सोडून देता येत नाही. त्यातून भाषा समजणारी असेल आणि तुमचं काम वाचण्या-लिहिण्याचं असेल तर अर्थही येऊन मध्ये बसतो.

फोनचं तर आणखी वेगळंच. २०१० साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात असं दिसलं की दोघांचं पूर्ण संभाषण कानावर पडलं तर लक्ष जितकं विचलित होतं त्याहून जास्त ते एकाच बाजूचं बोलणं ऐकल्याने होतं. समोरचा काय म्हणाला असेल हे आपलं डोकं आपोआप भरत बसतं. "हो... हो... अरे पण मग त्याने... नाही नाही!" यातल्या गाळलेल्या जागा. तेव्हा तुम्हाला गप्पांपेक्षा त्या फोनवाल्याचा राग जास्त येतो याचं आश्चर्य वाटून घेऊ नका.

"तुम्ही फारच नाजूक आहात बुवा" असं कोणी म्हणेल. २००० साली इव्हान्स आणि जॉन्सन यांनी कारकुनी काम करणाऱ्या चाळीस बायकांवर एक प्रयोग केला होता. काहींना तीन तास शांततेत बसवलं, काहींना ऑफिसात असतो तसल्या बेताच्या आवाजात. आवाजातल्या गटाच्या शरीरात ॲड्रेनलिन, म्हणजे ताण आला की वाढणारं संप्रेरक, वाढलेलं आढळलं, आणि नंतर न सुटणारी कोडी दिली तेव्हा त्यांनी लवकर हात टेकले. तीनच तासांत! तुम्ही चार महिने काढलेत.

आता त्या फोनवाल्याबद्दल, कारण माझ्या मते तुमचा निम्मा प्रश्न तोच आहे. एक गोष्ट नीट बघा: फोनवर बोलताना त्याच्या कानांवर काय असतं? दोन्ही कान झाकणारे, बाहेरचा आवाज बंद करणारे हेडफोन असतील तर तो बिचारा स्वतःचा आवाजच नीट ऐकत नाहीये. आपण किती मोठ्याने बोलतोय हे माणूस स्वतःच्या कानाने ठरवतो. एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये हे नोंदवलं होतं की कानात गोंगाट असला की माणसाचा आवाज नकळत चढतो. त्याला ते ठरवून करावं लागत नाही आणि नुसतं ठरवून टाळताही येत नाही.

आमच्याकडचा तो अंगठेवाला नेमका असलाच निघाला. त्याच्याशी बोलायला मला तब्बल आठवडा लागला, मी मुलखाची भिडस्त. शेवटी त्याचा कॉल संपल्यावर पाच मिनिटांनी, तो एकटा असताना गेले. कॉल चालू असताना नाही, चार लोकांसमोर तर अजिबात नाही. म्हटलं, "अरे, एक सांगू? रागावू नकोस. तू कॉलवर असलास ना की मला तुझा प्रत्येक शब्द ऐकू येतो, तुमच्या क्लायंटची सगळी रड मला पाठ झालीय. माझे आकडे चुकतात रे." तो आधी हसला, मग एकदम गोरामोरा झाला. "इतका जोरात बोलतो मी?" खरंच माहीत नव्हतं त्याला. आधीच्या ऑफिसातही कोणी बोललं नव्हतं, सगळे मनातल्या मनात चरफडत राहिले असणार.

मग आम्ही दोघांनी मिळून त्याच्या हेडसेटची सेटिंग शोधली. बऱ्याच हेडसेटमध्ये साइडटोन नावाची सोय असते. ती चालू केली की आपलाच आवाज आपल्या कानात थोडासा ऐकू येतो, जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरमध्ये यायचा तसा. ती चालू केल्यावर त्याचा आवाज त्याच दिवशी खाली आला. सोय नसेल तर एक कान उघडा ठेवून बोलायचं, तेवढ्यानेही बराच फरक पडतो.

तुम्ही बोलाल तेव्हा एवढंच सांभाळा की वाक्य तुमच्या कामाबद्दल असू दे, त्याच्या स्वभावाबद्दल नको. "तू फार मोठ्याने बोलतोस" म्हटलं की माणूस बचावाला उभा राहतो. "तुझं बोलणं कानावर पडलं की माझी ओळ सुटते" यावर काय वाद घालणार? आणि मागायचं ते नेमकं मागा. "जरा हळू" ही मागणी दोन दिवस टिकते. "लांबलचक कॉल तेवढे मीटिंग रूममधून घेशील का?" किंवा "अकरा ते एक मला जरा शांतता मिळेल का?" ही टिकते. वयाने किंवा हुद्द्याने मोठी व्यक्ती असेल तर हेच अहो-जाहो करून, पण बोलायचं एवढंच. उगाच माफी मागत, गोल गोल फिरत सुरुवात करू नका. समोरच्याला कळतच नाही की नक्की काय हवंय.

व्हिडिओवाल्यासाठी इतकी तयारी लागत नाही. "हेडफोन लाव ना, प्लीज," हसत, तिथल्या तिथे. बहुतेक लोक लगेच लावतात. पुढच्या आठवड्यात परत म्हणावं लागेल, तेव्हा परत म्हणायचं.

गप्पांचं प्रकरण जरा वेगळं आहे, कारण तिथे दोष बऱ्याचदा जागेचा असतो. आमच्याकडे माझ्या टेबलाच्या मागेच प्रिंटर होता. कागद बाहेर येईपर्यंत लोक उभे, उभे राहिले की बोलणार, दोन माणसं बोलायला लागली की तिसरा थांबणार. मी दोन वर्षं माणसांवर चिडले. प्रिंटर कोपऱ्यात गेला आणि तीच माणसं तिकडे जाऊन बोलायला लागली. तुमच्या मागे ते चौघं का जमतात ते एक दिवस नुसतं बघा. पाण्याचं मशीन, दार, खिडकी, रिकामी खुर्ची, काहीतरी सापडेलच.

स्वतःपुरते उपाय मी शेवटी ठेवले, कारण आपण सगळे त्यांनीच सुरुवात करतो आणि तिथेच अडकून पडतो. महागडे, आवाज रद्द करणारे हेडफोन खालच्या पट्टीतले, एकसुरी आवाज छान खातात: पंखा, एसी, विमानाचं इंजिन. माणसाचं बोलणं त्यांच्यातून बऱ्यापैकी येतं, उलट मागची घरघर गेल्यामुळे कधीकधी ते जास्तच स्पष्ट वाटतं. कानात घालायचे स्पंजचे बोळे त्यापेक्षा स्वस्त आणि बोलण्यावर अनेकदा जास्त गुणकारी, पण ते नीट घालायला लागतात. बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरायचे. नुसते टोचून ठेवले तर काही उपयोग नाही. वरून हेडफोनमध्ये पावसाचा किंवा तसलाच एकसारखा आवाज बारीक लावला तर शब्द त्यात विरघळतात. गाणी लावत असाल, तर शब्द असलेली लावू नका. शेजाऱ्याचं बोलणं नको म्हणून गायकाचं बोलणं ऐकायचं, यात मिळवलं काय? मी हे दोन वर्षं केलंय, म्हणून सांगते.

दोनदा नीट, एकट्याला गाठून सांगितलं आणि तरी पालथ्या घड्यावर पाणी, तर तिसऱ्यांदा सांगू नका. तिसऱ्या वेळेला आवाज चढतो, तुमचाही. तेव्हा मॅनेजरकडे जा, पण कोणाची तक्रार घेऊन नाही. मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा डेसिबल नेले नाहीत. कुठली फाइल किती वेळा परत तपासावी लागली ते लिहून नेलं आणि म्हटलं, "मला सकाळचे दोन तास आतल्या खोलीत बसू द्या, किंवा माझी जागा त्या टोकाला द्या." माणसाला शिस्त लावणं मॅनेजरला नको असतं, खुर्ची हलवणं सोपं असतं. मला जागा मिळाली, आठ-दहा टेबलं पलीकडे. आवाज तिथेही येतो, पण शब्द कळत नाहीत, त्यामुळे चालतं.

आणि एचआर. तुम्ही सांगितल्यावर मुद्दाम जास्त जोरात बोलायला लागले, नकला करायला लागले, कामात अडवायला लागले, तर तो प्रश्न आवाजाचा राहत नाही. तेव्हा जा, आणि तारखांसकट लिहून घेऊन जा. सध्या फक्त त्या फोनवाल्याच्या कानांवर काय असतं तेवढं उद्या बघून घ्या.