मोठ्या रेड ओकची पानं भर जुलैत अचानक तपकिरी पडली, काय झालं असेल?

तुम्ही लिहिलंय की घर मिनियापोलिसच्या उपनगरात आहे, झाड साठेक फूट उंच रेड ओक आहे, मे महिन्यात वादळाने मोडलेली फांदी कापून घेतली होती आणि आता जुलैत शेंड्याकडची पानं दोन-तीन आठवड्यांत तपकिरी पडली. फवारायचं काय, हा तुमचा प्रश्न. फवारणी राहू द्या. माझा पहिला संशय ओक विल्टवर, म्हणजे ओकला बुरशीमुळे होणाऱ्या मर रोगावर आहे, आणि तो खरा निघाला तर पानांवर मारलेल्या औषधाचा काडीचा उपयोग नाही.

मी राहुरीला कृषी शिकलो आणि आता इथे मिनेसोटात झाडांच्याच कामात आहे. सोलापूर-नाशिककडे डाळिंबाची मर ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे पटकन समजेल. डाळिंबावर मर आणणारी सेराटोसिस्टिस बुरशी आणि ओक विल्टची बुरशी एकाच भावकीतल्या. ओकवालीचं नावही २०१७ पर्यंत सेराटोसिस्टिसच होतं, मग शास्त्रज्ञांनी तिला ब्रेट्झिएला केलं. ती खोडातल्या पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत शिरते. तिला अडवायला झाड स्वतःच त्या नळ्या बुजवून घेतं आणि वरची पानं तहानेने जातात, मुळाशी कितीही पाणी घाला.

आता बाहेर जा आणि झाडाखाली पडलेली पानं उचलून बघा. टोक आणि कडा तांबूस तपकिरी, देठाकडचा भाग अजून हिरवा आणि मध्ये आखल्यासारखी सीमारेषा, अशी अर्धी हिरवी पानं भर उन्हाळ्यात गळत असतील तर ते ओक विल्टचं फार बोलकं लक्षण आहे. याउलट पानं पूर्ण वाळून फांदीलाच चिकटून असतील, तर पाण्याच्या ताणाने थकलेल्या झाडावर येणारा खोडकिडा असू शकतो. तो सालीत इंग्रजी डी अक्षरासारखं, जेमतेम ३ मिलिमीटरचं भोक पाडून बाहेर पडतो. भोकं बहुधा उंचावर असतात, दुर्बीण घ्या. विल्टने खचलेल्या झाडावरही हाच किडा येतो, म्हणून भोक दिसलं की तपास संपला असं समजू नका. फक्त खालच्या फांद्यांवर ठिपके असते तर ओल्या वसंतातला करपा म्हणून मी तुम्हाला निवांत झोपा म्हटलं असतं. तुमचं मात्र शेंड्याकडून सुरू झालंय.

काही जण साल सोलून खालच्या लाकडात तपकिरी रेघा शोधायला सांगतील. पांढऱ्या गटातल्या ओकमध्ये त्या बऱ्याचदा सापडतात. रेड ओक इतक्या झपाट्याने मरतो की रेघा उमटतातच असं नाही. रेघ दिसली नाही म्हणजे रोग नाही, असा अर्थ काढू नका. खात्री प्रयोगशाळेतच होते. मिनेसोटा विद्यापीठाचं प्लांट डिसीज क्लिनिक हे काम करतं. नुकत्याच कोमेजू लागलेल्या, अजून जिवंत असलेल्या फांदीचे तुकडे हवेत. पूर्ण वाळलेल्या काटक्या नेऊ नका, आणि तुकडे बर्फाच्या डब्यात थंड ठेवा. गाडीत तापले तर बुरशी मरते आणि अहवाल फसवा येतो.

मे महिन्याचा काप मला खटकतोय. ताज्या जखमेच्या वासाने रस पिणारे छोटे भुंगे येतात, आणि ते आधी रोगट झाडावर बसून आलेले असतील तर बुरशी सोबत आणतात. इथे एप्रिल ते जुलै ओकला हात लावायचा नाही, म्हणतात ते यासाठीच. वादळाला कोण काय करणार, पण अशा वेळी जखमेला तिथल्या तिथे पाण्यात मिसळणारा रंग किंवा शेलॅक (लाखेचं वॉर्निश) लावतात. निदान आता तरी शेजारच्या निरोगी ओकची छाटणी करू नका.

विल्टच असेल तर स्पष्ट सांगतो, हा रेड ओक वाचत नाही. शेजारच्या झाडांकडे बघा. पन्नासेक फुटांच्या आत दुसरा रेड ओक असेल तर दोघांची मुळं जमिनीखाली जुळलेली असण्याची बरीच शक्यता आहे, आणि बुरशी तिथून सरकते. आधी दोन झाडांमध्ये पाचेक फूट खोल पात्याच्या यंत्राने मुळं तोडून घ्यायची, मगच आजारी झाड पाडायचं. क्रम उलटा केलात तर शेजारच्या झाडांना धोका वाढतो. खणण्याआधी ८११ ला फोन करून गॅसच्या नळ्या आणि विजेच्या तारा कुठे आहेत ते आखून घ्या. निरोगी शेजाऱ्यांना प्रोपिकोनाझोल या बुरशीनाशकाचं इंजेक्शन बुंध्यात देता येतं, ते जाणकाराकडूनच करून घ्या.

पाडलेलं लाकूड शेकोटीसाठी कोणी मागेल, देऊ नका. मेलेल्या रेड ओकच्या सालीखाली पुढच्या वसंतात बुरशीच्या गाद्या तयार होतात. त्यांना आंबलेल्या फळासारखा वास येतो आणि भुंगे पुन्हा जमतात. मार्च संपायच्या आत लाकूड सोलून, भुगा करून किंवा जाळून टाका.

खाली पडलेल्या चार-पाच पानांचा जवळून फोटो टाका, आणि सगळ्यात जवळचा दुसरा ओक किती फुटांवर आहे ते मोजून लिहा. मग मुळं तोडायचा चर कुठून काढायचा ते सांगता येईल.