धालोचं गाणं आणि तुझा कॅमेरा

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझा म्युझिक व्हिडिओ पाहिला, सोबतचं टिपणही वाचलं. गाणं मनापासून आवडलं. धालोची, म्हणजे गोव्यातल्या बायका पौषात नाचत गातात त्या लोकगीतांची, चाल घेऊन तिच्यावर आजच्या मुलीचे शब्द बसवणं सोपं नाही. तुझ्या गायिकेने ते छान निभावलंय. टिपण मात्र पुन्हा लिही. जलद कट, क्लोजअप, मध्येच कथा, मध्येच गाणं असे सगळे संकेत पाळलेस एवढंच त्यातून कळतं. का पाळलेस ते कळत नाही.

१९८१ साली एमटीव्ही सुरू झालं आणि म्युझिक व्हिडिओ ही रेकॉर्ड खपवण्याची जाहिरातच होऊन बसली. चेहरा लोकांच्या लक्षात राहावा म्हणून गायकाच्या क्लोजअपला एवढं महत्त्व आलं. तुझी गायिका नवी आहे, तिला ते हवेतच. पण धालोत एकटी गायिका नसते. मांडावर, म्हणजे धालो खेळायच्या अंगणात, बायका समोरासमोर दोन ओळी धरतात. एक ओळ गाते, दुसरी ते उचलते. म्हणजे कट कुठे मारायचा हे गाण्यातच सांगून ठेवलंय! या ओळीवरून त्या ओळीवर. तुझे कट नुसते बीटवर पडतात, त्यामुळे कोण कुणाला उत्तर देतंय हेच हरवतं. एडिटला परत बसशील तेव्हा पहिलं काम हे कर.

आता प्रतिनिधित्वाचं. इथे मला खरंच वाईट वाटलं. कुणबी साडीतल्या त्या बायकांचे पाय दिसतात, कंबर दिसते, हातातल्या बांगड्या दिसतात. गाताना पूर्ण चेहरा एकीचाही नाही. सिनेमाच्या अभ्यासक लॉरा मल्व्ही यांनी १९७५ साली सिनेमातल्या पुरुषी नजरेबद्दल जे मांडलं त्याचा उल्लेख तुझ्या टिपणात आहे, आणि तुझा कॅमेरा नेमकं तेच करतोय. शिवाय गाणं सत्तरी तालुक्यातल्या अंगणाचं, सुरुवात मात्र हणजुण्याच्या (अंजुनाच्या) किनाऱ्यावर ड्रोन फिरवून. तो शॉट देखणा आहे, तरी काढ. पर्यटकाच्या डोळ्यांनी आपल्याच गावात शिरायची गरज नाही.

ब्रँडिंगबद्दल थोडंच. कव्हरवर घुमट, म्हणजे मातीचं ते तालवाद्य, कशाला? २०१९ साली तो राज्याचं वारसा वाद्य झाला, गोव्याची खूण म्हणून तो पटकन सुचतो, हे समजू शकतो. पण धालो वाद्याविनाच गातात, आणि तुझ्या गाण्यातही घुमट कुठे वाजत नाही. कव्हर, पोस्टर आणि इन्स्टाग्रामचं पान या तिन्हींवर साडीचा तो तांबडा चौकडा आणि एकच अक्षरवळण ठेव. गायिकेची ओळख तेवढ्यानेही ठसेल.

नवा कट सरांकडे देण्याआधी त्या बायकांना दाखव. मांड त्यांच्यासाठी पवित्र आहे. तिथलं काय दाखवायचं आणि काय नाही, ते त्याच ठरवतील. श्रेयनामावलीत त्यांची नावं घाल, कशी लिहायची ते त्यांनाच विचार. त्या काय म्हणाल्या ते टिपणात सविस्तर येऊ दे, संकेतांची यादी अर्ध्या पानात आटप.