'व्ह. फा.' आणि 'इंग्रजी तिसरी'

प्रश्न असा आहे: आजोबांच्या सेवापुस्तकात शिक्षणापुढे 'व्ह. फा.' लिहिले आहे आणि त्यांच्या धाकट्या भावाच्या कागदावर 'इंग्रजी तिसरी'. 'व्ह. फा.' म्हणजे काय? आणि धाकटे आजोबा इंग्रजी माध्यमात जेमतेम तिसरीपर्यंत शिकले का?

'व्ह. फा.' म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, मुंबई इलाख्यातली मराठी सातवीची परीक्षा. बोलण्यात नुसते 'फायनल झालाय' म्हणत. 'इंग्रजी तिसरी' मात्र आजच्या वाचकाला हमखास चकवते. मुले आधी मराठी चौथी करत, मग इंग्रजी शाळेत जात आणि तिथे इयत्ता पुन्हा एकपासून मोजल्या जात. पहिली इंग्रजी म्हणजे पाचवे वर्ष, सातवी इंग्रजी म्हणजे मॅट्रिक. मॅट्रिकला अकरावी म्हणत ते यामुळेच. डॉ. आंबेडकरांचे उदाहरण घ्या. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात त्यांचे नाव इंग्रजी पहिलीत दाखल झाले, तेव्हा ते नऊ वर्षांचे होते, आणि 1907 साली ते मॅट्रिक झाले.

म्हणजे हिशेब केला तर चार अधिक तीन, सात. तुमचे दोघेही आजोबा सात इयत्ताच शिकले आहेत. फरक आहे तो त्यातून उघडणाऱ्या वाटांचा. फायनल झालेल्याला मराठी शाळेत मास्तरकी मिळे, तलाठ्याच्या कामाची वाट खुली होई. पण कॉलेजचे दार त्याला बंद. इंग्रजी तिसरीवाल्याच्या हाती कोणत्याही सार्वजनिक परीक्षेचा दाखला नसे, मात्र तो मॅट्रिकच्या वाटेवर असे. फी परवडली नाही की तिथेच थांबे.

ही दुहेरी वाट धोरणातून आली. इंग्रजी शिक्षणाचा आग्रह धरणारे मेकॉलेचे 1835 चे टिपण सगळ्यांच्या तोंडी असते, पण मुंबई इलाख्यात गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळापासून मराठी शाळा आणि मराठी पाठ्यपुस्तके यांवर बराच भर होता. 1840 मध्ये बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन झाले आणि त्यातच वाद पेटला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूचे. जगन्नाथ शंकरशेट आणि जॉर्ज जर्व्हिस देशी भाषांच्या बाजूचे. जर्व्हिस स्वतः इंग्रज, तरी मराठी-गुजरातीसाठी भांडला, हे विसरू नये असे मला वाटते. 1854 च्या वूडच्या शिक्षणविषयक खलित्याने दोन्ही बाजू कागदावर सांभाळल्या: सर्वसामान्यांचे शिक्षण देशी भाषेत, उच्च शिक्षण इंग्रजीत. प्रत्यक्षात त्यातून उतरंड तयार झाली. 1857 ला मुंबई विद्यापीठ निघाले. तिथे जायचे तर मॅट्रिक हवी आणि मॅट्रिकला इंग्रजी हवी. मराठीत कितीही हुशारी असो, सातवीला ती वाट संपायची. हा अन्याय होता आणि त्याचा सर्वाधिक फटका शेतकरी-कारागिरांच्या मुलांना बसला. जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर शिक्षण आयोगापुढे नेमके हेच मांडले: सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती.

'व्हर्नाक्युलर'च्या मुळाशी लॅटिन 'व्हर्ना', म्हणजे मालकाच्या घरी जन्मलेला गुलाम, हे खरे आहे. त्यावरून हा शब्द मुद्दाम अपमानासाठी योजला असे सांगणारे भेटतात, ते मात्र पटत नाही. लॅटिनमध्येच त्याचा अर्थ 'घरचा, देशी' असा झाला होता. मराठी दुय्यम ठरली ती परीक्षांच्या रचनेमुळे.

कुटुंबाचा इतिहास लिहीत असाल तर आजोबांपुढे 'मराठी सातवी (व्हर्नाक्युलर फायनल) उत्तीर्ण' आणि धाकट्या आजोबांपुढे 'इंग्रजी तिसरी, म्हणजे आजची सातवी' असे लिहा. 'तिसरी पास' लिहू नका. एक गोष्ट मात्र तपासून घ्या: काही मुले आधी मराठी सातवी करून मग इंग्रजीकडे वळत. धाकटे आजोबा त्यांपैकी असतील, तर शाळेतली त्यांची वर्षे थोरल्यापेक्षा जास्तच भरतील. जुने शाळा सोडल्याचे दाखले मिळाले तर मराठी शाळेतून ते कोणत्या इयत्तेत बाहेर पडले ते त्यात सापडेल.