संगणक शंका-समाधान : एक्सएफएसचा लॉग पुसण्याआधी तो वाचा

प्रश्न : वीज गेल्यावर आमच्या लिनक्स सर्व्हरवरचं एक्सएफएस फाइल-सिस्टमचं (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीचं) डेटा पार्टिशन माउंट होत नाही, म्हणजे वापरासाठी जोडलंच जात नाही. 'एक्सएफएस_रिपेअर' हे दुरुस्तीचं साधन म्हणतं, लॉगमध्ये मोलाचे बदल शिल्लक आहेत, आधी माउंट करा. ते जमत नसेल तर '-एल' देऊन लॉग नष्ट करा. थेट '-एल' द्यावं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : इतक्यात मुळीच नको. एक्सएफएसच्या लॉगमध्ये फाइलींतला मजकूर नसतो, मेटाडेटातले बदल असतात : कुठली फाइल कुठल्या फोल्डरात, तिचे ब्लॉक कोणते, मोकळी जागा कुठे. हे बदल आधी लॉगमध्ये उतरतात, मग सवडीने आपापल्या जागी जातात. वीज गेली तेव्हा जे वाटेतच राहिले, ते पुढच्या माउंटच्या वेळी कर्नल (लिनक्सचा गाभा) पुरे करतो. '-एल' हे सगळं शून्य करतं. मग अर्धवट बदललेल्या फोल्डरांतल्या फाइली 'लॉस्ट+फाउंड'मध्ये सापडतात, तेही नावाच्या जागी नुसता आयनोड क्रमांक (फाइल-सिस्टममधला फाइलीचा क्रमांक) घेऊन.

पहिलं काम म्हणजे 'डीडीरेस्क्यू' या प्रत काढणाऱ्या साधनाने पूर्ण पार्टिशनची प्रत. डिस्कच खराब होत असेल तर प्रत्येक प्रयोग तिच्या मुळावर येतो. पुढचं सगळं त्या प्रतीवर करा (पर्याय लहान लिपीतले, फक्त '-एल' कॅपिटल) :

एक्सएफएस_लॉगप्रिंट -एफ -टी डेटा.इमेज

'-एफ' म्हणजे समोर डिव्हाइस नसून फाइल आहे. '-टी' म्हणजे नोंदी व्यवहारांनुसार (एकत्र लागायच्या बदलांच्या गटांनुसार) दाखवा. सुरुवातीला लॉगची लांबी येते, ती ५१२ बाइटांच्या ब्लॉकांत असते; २०४८० दिसलं तर लॉग १० एमबीचा. त्याखाली 'टेल' (शिल्लक नोंदींची सुरुवात), 'हेड' (त्यांचा शेवट) आणि 'स्टेट' (स्थिती). स्टेट 'क्लीन' असेल तर काही शिल्लक नाही. तुमच्याकडे 'डर्टी' दिसेल : टेलपासून हेडपर्यंतचे व्यवहार अजून लागायचे आहेत आणि '-टी' नेमके तेच छापतं. हेडचा आकडा टेलपेक्षा लहान दिसला तर दचकू नका. लॉग गोलाकार आहे, शेवटाला पोचला की पुन्हा आरंभापासून लिहिला जातो.

व्यवहारांत 'इनो'पुढचा क्रमांक म्हणजे आयनोड क्रमांक, तो हेक्साडेसिमल (सोळाच्या पटीतला) असतो. ०एक्स८३ म्हणजे १३१. माउंट झाल्यावर 'फाइंड /डेटा -आयनम १३१' दिलं की ती फाइल कोणती हे कळतं. '-एल' दिल्यास कशावर पाणी सोडावं लागेल, याचा अंदाज इथेच येतो.

आता प्रत 'माउंट -ओ लूप,नोयूयूआयडी' देऊन जोडा. मूळ पार्टिशन त्याच यंत्रावर माउंट असेल तर 'नोयूयूआयडी' लागतंच, कारण दोघांची ओळख एकच. माउंट झालं की लॉग आपोआप लागतो. मग अनमाउंट करून 'एक्सएफएस_रिपेअर' चालवा. 'आरओ' दिलं तरी लॉग लागतोच, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. लॉगला हात न लावता फक्त फाइली काढायच्या असतील तर 'आरओ,नोरिकव्हरी' द्या. काही फाइली जुन्या किंवा मोडक्या दिसतील.

'एक्सएफएस_रिपेअर -एन'च्या यादीनेही घाबरू नका. ते लॉग बाजूला ठेवून तपासतं, त्यामुळे डर्टी लॉगवर त्याने दाखवलेल्या बऱ्याच चुका नुसत्या माउंटने मिटतात.

माउंट फसलं तर 'डीमेसेज' (कर्नलचे संदेश) वाचा. डिस्कवरून वाचतानाच त्रुटी आहेत की लॉगचा सीआरसी (मजकूर शाबूत आहे का ते तपासण्याचा आकडा) जुळत नाही, हे तिथे दिसतं. लॉगच बिघडलेला निघाला तरच '-एल', आणि तेही आधी प्रतीवर.

प्रश्न : एक्स्ट४ या दुसऱ्या फाइल-सिस्टमची जर्नल, म्हणजे तिचा लॉग, अशी पाहता येते का? त्यातून पुसलेले फोटो मिळतील?
– एक वाचक, पणजी

उत्तर : पाहता येते. 'डीबगएफएस' या एक्स्ट४ तपासण्याच्या साधनात डिव्हाइस उघडून 'लॉगडम्प -ए' द्या. एकाच आयनोडच्या नोंदी हव्या असतील तर 'लॉगडम्प -आय <१३१>', कोनी कंसांसकट. 'डीबगएफएस' आपणहून फक्त वाचण्यापुरतंच उघडतं, त्यामुळे धोका नाही.

फोटो मात्र जर्नलमध्ये नसतो. नेहमीच्या 'ऑर्डर्ड' पद्धतीत तिथे मेटाडेटाच जातो. पण पुसण्याआधीच्या आयनोडची जुनी प्रत तिथे मिळू शकते आणि फोटोचे ब्लॉक कुठे होते ते तिच्यावरून कळतं. 'एक्स्टअनडिलीट' हे पुसलेल्या फाइली परत आणणारं साधन याच आधारावर चालतं. ही जर्नलही गोलाकार असल्याने प्रत्येक नव्या लिखाणासरशी ती प्रत पुसली जाण्याची शक्यता वाढते. म्हणून पार्टिशन लगेच अनमाउंट करा.

फाइल-सिस्टमची माहिती दाखवणाऱ्या 'डम्पईटूएफएस -एच'मध्ये 'नीड्स_रिकव्हरी' (जर्नल लागायची बाकी असल्याची खूण) दिसलं तर आधी पार्टिशन माउंट आहे का ते पाहा. माउंट असताना ते दिसतंच, त्यात बिघाड नाही.