अटारीला चंची नेऊ नका

प्रश्न : आमच्या भजनी मंडळाच्या २२ जणी अमृतसरला चाललो आहोत. अटारीची सीमा एका दिवसात होते का? निम्म्या जणी साठीच्या पुढच्या आहेत.
– एक वाचक, समुद्रपूर तालुका

उत्तर : होते ना, ताई! सकाळी सुवर्णमंदिर, तिथंच लंगरात जेवण, अन् एकच्या आत गाडीत बसा. अटारी जेमतेम ३० किलोमीटर. पण गाडी लांबच थांबते, पुढं पायी, अन् झडतीत वेळ जातो. ओळखपत्र जिचं तिच्याजवळ असू द्या, पिशव्या गाडीतच. आमच्या आत्याबाईंनी कमरेची चंची तशीच नेली, त्यातून निघाला अडकित्ता! झडती घेणारी पोरगी तो उलटूनपालटून पाहत राहिली. शेवटी मीच धावत गाडीत ठेवून आले. आत्याबाई सुपारीविना संध्याकाळभर फुगलेल्या.

भारत-पाकिस्तानच्या या सीमेवरचा झेंडा उतरवायचा सोहळा १९५९ पासूनचा, सूर्यास्ताच्या वेळी. म्हणून हिवाळ्यात लवकर. दोन्ही देशांतल्या संघर्षात थांबलेला तो मे २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाला तेव्हा सीमेचे दरवाजे बंदच ठेवले, दोन्हीकडच्या जवानांचं हस्तांदोलनही नाही. जवानांचे पाय मात्र तसेच कपाळापर्यंत जातात. बसायला पायऱ्या आहेत. डिसेंबरात जात असाल तर शाल अंगावरच घ्या.