अडीच विसांचे पन्नास

डेन्मार्कमधल्या आर्हुसला नुकत्याच राहायला गेलेल्या एका ताईंचा प्रश्न आहे: ‘डॅनिश अगदी पहिल्यापासून शिकते आहे. दुकानात पन्नासला हाल्त्रेस म्हणतात. हाल म्हणजे अर्धा, त्रे म्हणजे तीन; मग पन्नास आले कुठून? आणि हे आकडे पाठ कसे करायचे?’

ताई, दोन वाजून तीस मिनिटे झाली की तुम्ही काय म्हणता? ‘अडीच’ म्हणत असाल तर उत्तर तुमच्या तोंडातच आहे. हल्ली रिक्षात, शाळेच्या फाटकाशी, लग्नाच्या मांडवात जिकडेतिकडे ‘साडेदोन’ ऐकू येते आणि दर वेळी दाताखाली खडा आल्यासारखे होते. मराठीत ‘साडे’ तीनपासून सुरू होते. त्याच्या आत दीड आणि अडीच आहेत आणि ते फार जुने मानकरी आहेत.

अडीचचे मूळ ‘अर्धतृतीय’, प्राकृतात ‘अड्ढाइज्ज’. अर्धा-तिसरा, म्हणजे दोन पुरे झाले आणि तिसऱ्यातला निम्माच घेतला. डॅनिश ‘हाल’ हेच करते. हाल्त्रेसचे पूर्ण रूप ‘हाल्वत्रेसिन्सत्यूवे’: अर्धा-तिसरा, मग ‘सिन्स’ म्हणजे वेळा, मग ‘त्यूवे’ म्हणजे वीस. अडीच वेळा वीस! रोजच्या बोलण्यात शेपूट गळाले, पण ‘पन्नासावा’ म्हणताना ते अजून पुरते उच्चारतात. साठ ‘त्रेस’ म्हणजे तीन विसा, ऐंशी ‘फीर्स’ म्हणजे चार विसा, नव्वद ‘हाल्फेम्स’ म्हणजे अर्धा-पाचवा विसा. माझी आजी गोवऱ्या मोजताना विसा-विसाचे ढीग लावायची आणि ‘अडीच विसा झाल्या गं’ असे हाकारायची. तिला हाल्त्रेस समजावून सांगावे लागले नसते.

खरी गंमत सत्तरात आहे. ‘हाल्फ्येर्स’, अर्धा-चौथा विसा. आता ‘अर्धचतुर्थ’ मराठीत शोधा. प्राकृतात तो झाला ‘अद्धुट्ठ’ आणि आपल्याकडे ‘औट’! औट म्हणजे साडेतीन. जुन्या शाळांत दिडकी, अडीचकीनंतर औटकी घोकून घेत. घटका 24 मिनिटांची, म्हणून औट घटकेचा राजा 84 मिनिटांचा धनी. त्याला ‘आऊट घटकेचा’ लिहून क्रिकेटच्या मैदानावर नेणाऱ्यांनी निदान एकदा कोश उघडावा. औटची व्युत्पत्ती संस्कृत ‘अध्युष्ट’पासून देणाऱ्यांशीही माझे जमत नाही. ‘अध्युष्ट’ हा प्राकृत शब्दाला मागाहून शिवलेला संस्कृत अंगरखा आहे. लेकराला बाप ठरवण्याचा हा प्रकार व्युत्पत्तीत चालू नये.

आणि हे एवढ्यावर थांबत नाही. रोमनांचे ‘सेस्टर्शियस’ हे नाणे मुळात ‘आस’ नावाच्या अडीच नाण्यांच्या किमतीचे. नावाचा अर्थ अर्धा-तिसरा. रशियन ‘पलतरा’ म्हणजे दीड, अर्धा-दुसरा. जर्मन ‘अँडर्टहाल्ब’ तेच, डॅनिश ‘हालॅनन’ तेच आणि आपले दीड, मूळ ‘द्व्यर्ध’, त्याच घरातले. माझे ठाम मत आहे की मोजण्याची ही रीत या भाषांना एकाच पूर्वजाकडून मिळाली आहे. फिनिश त्या कुळातली नसूनही तीत दीडला असाच शब्द आहे, म्हणून काही जण हे योगायोगावर सोडून देतात. शेजारणीकडून विरजण आणले म्हणून दही तिचेच होत नाही आणि ते आभाळातूनही पडत नाही. फिनिशने ते स्वीडिशकडून आणले असावे, इतकेच. पुढे काय घडले तेही पाहा: डॅनिशात हालॅनन रोजच्या वापरात टिकला आणि सुटा अर्धा-तिसरा मेला, मराठीत दीड-अडीच टिकले आणि औटची जागा ‘साडेतीन’ने घेतली. आता अडीचही घालवायचा का?

पाठांतराचे म्हणाल तर बावन्नमध्ये आपणही दोन आधी म्हणतो, पन्नास मागून. डॅनिशही ‘दोन-आणि-हाल्त्रेस’ असेच म्हणते. इंग्रजीतून उलटे करत बसू नका, मराठीतून थेट जा. घड्याळाचेही तसेच. कोणी ‘हाल त्रे’ वाजता कॉफीला बोलावले तर अडीचला पोहोचा. साडेतीनला ‘हाल फीर’ म्हणतात.