दुरुस्तीचे पैसे आधी

भो,

तुझा मेसेज दोनदा वाचला. हातात दीड लाख, नगरसेवक म्हणतात वस्तीतल्या दहा भिंतींवर चित्रं करा, उद्घाटन आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. आणि तू विचारतोस, चित्रकार कुठून आणू? चित्रकार मिळतील रे. पुढच्या पावसाळ्यानंतर जिथे पोपडे धरतील, ती भिंत कोण नीट करणार आणि कोणत्या पैशातून, ते आधी सांग.

दुरुस्तीचे पंचवीस हजार आजच वेगळ्या खात्यात टाक. खात्यावर वस्तीतल्या दोघांच्या सह्या हव्यात, तुझी एकट्याची नको. उरलेल्या सव्वा लाखात तीन भिंती बसत असतील तर तीनच कर. मला याच हट्टापायी 'कमी कामाचा माणूस' म्हणतात. म्हणू दे. पोपडे धरलेलं चित्र रोज बघावं लागतं ते वस्तीला. फीत कापणारा कधीच निघून गेलेला असतो.

परवानगी घरमालकाची लेखी घे, मग महापालिकेची. मालमत्ता विद्रूपणाविरुद्धचा १९९५चा राज्य कायदा आहे, तिथे तोंडी 'हो' उपयोगाचा नाही. भुसावळात रेल्वेची भिंत निवडलीस तर डीआरएम (विभागीय रेल्वे व्यवस्थापक) कार्यालयात जावं लागेल. त्याच पत्रात लिहून घे, की दोन वर्षं न कळवता भिंत पुसायची नाही आणि दुरुस्तीला आम्हाला येऊ द्यायचं. हे वाक्य नसेल तर तुझे पंचवीस हजार खात्यात नुसते पडून राहतील.

आता भिंत. नवा गिलावा असेल तर किमान २८ दिवस थांब. जुन्या चुन्यावर तळहात घास. हात पांढरा झाला तर पक्कं लागेपर्यंत खरवड. लोणा, म्हणजे भिंतीवर फुटलेले पांढरे क्षार, कोरड्या ब्रशनेच झाड. पाण्याने धुतलास तर क्षार विरघळून परत आत मुरतात आणि पुढे रंगाला आतून ढकलतात. ओल बऱ्याचदा खालून चढते, म्हणून जमिनीपासून दोन फूट चित्र उतरवूच नकोस. तिथे साधा गेरूचा पट्टा ठेव. दरवर्षी वस्तीतली पोरंच तो पुन्हा मारतील, तुझी वाट बघणार नाहीत. आणि वर बघ! बरेच पोपडे वरून येतात: कठड्याला उतार नसतो नाहीतर पन्हळ फुटलेली असते. ती गळती तशीच ठेवून रंगाला हात लावायचा नाही.

आखाजीच्या सुमाराला जळगावात पारा चव्वेचाळीसच्या आसपास असतो. तापलेल्या भिंतीवर रंग पसरायच्या आतच सुकतो, फटकारे दिसतात. मग पोरं पाणी वाढवतात, रंग पातळ होतो आणि वर्षभरात हाताला भुकटी लागते. म्हणून सकाळी साडेसहा ते दहा, पुन्हा पाचनंतर. पश्चिमेची भिंत फक्त सकाळीच घे. दहा बाय तीसची भिंत म्हणजे तीनशे चौरस फूट: बाहेरचा प्रायमर चारेक लिटर, पायाच्या रंगाचे दोन हात सहा लिटरच्या आसपास. घरातली पुट्टी बाहेर वापरू नकोस, पहिल्या पावसात सुटते. भडक लाल-पिवळे उन्हात आधी विटतात, गेरू आणि पिवळी माती टिकते. प्रत्येक रंगछटेचा नंबर वहीत लिही. उरलेला रंग पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलास तर आंबतो. दुरुस्तीला त्याच नंबरचा छोटा डबा नवा आण.

कुणीतरी अजिंठ्याचा दाखला देईलच, शतकानुशतकं टिकलं म्हणून. ती चित्रं लेणीच्या अंधारात आहेत, तुझी भिंत पश्चिमेच्या उन्हात. आणि तिथेही निजामाच्या काळात इटालियन तज्ज्ञांनी लावलेलं लाखेचं वॉर्निश पुढे पिवळं पडलं. तेव्हा 'वरून चकचकीत वॉर्निश मारू' असं कुणी म्हणालं की आधी हातभर कोपऱ्यावर मार आणि एक पावसाळा जाऊ दे.

भिंत वर्षातून दोनदा तपास: ऑक्टोबरात, पाऊस सरल्यावर, आणि होळीनंतर. निवडणूक असेल तर तिसऱ्यांदा, कारण खळ लावून डकवलेला पोस्टर ओढून काढला की रंगही सोबत येतो. आधी पाणी मारून भिजव, मग सोल. हे काम वस्तीतला एकजण करेल, त्याला त्या खात्यातून मजुरी दे. फुकट नको, फुकटचं काम दुसऱ्या वर्षी कुणी करत नाही.

वहीगायनाच्या, म्हणजे आपल्या खानदेशी लोकगायनाच्या, मंडळाचंही हेच. कार्यक्रमाचं मानधन सगळे देतात. डफाचं चामडं फाटलं, तालमीच्या खोलीचं वीजबिल थकलं, की कुणी विचारत नाही. त्यांच्या अंदाजपत्रकातही दुरुस्तीची ओळ सगळ्यात वर लिही. खाली लिहिलीस की पहिली तीच कापतात.

नगरसेवकांना दहाचा आकडा हवा असेल तर दहा भिंतींचं तीन वर्षांचं वेळापत्रक दे, दुरुस्तीसकट. नाही म्हणाले तर आखाजीचं उद्घाटन सोड.

रविवारी तिन्ही भिंतींवर तळहात घासून बघ आणि कुठल्या भिंतीला हात किती पांढरा झाला ते कळव. पन्हळीचे फोटोही पाठव.